‘ओसाड’ म्हणणारे आम्ही कोण?

दर वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालच्या टेकड्यांवर एक सोहळा भरतो. सातारा-देवळाईचा डोंगर असो, गोगाबाबाची टेकडी असो की जटवाड्याकडचे चढ असोत. कुदळी चालू लागतात, ट्रॅक्टरमधून रोपांच्या काळ्या पिशव्या उतरतात, पाहुणे एकेका रोपाला तांब्याभर पाणी घालतात आणि भाषणांना सुरुवात होते. वक्ते बदलले तरी विशेषणे तीच: उजाड, बोडका, भकास, ओसाड. माळ हा जणू कोणी बेवारस रुग्ण आहे आणि त्याच्या अंगावर झाडांची चादर घालणे हे सज्जनांचे कर्तव्य आहे. ह्या मंडळींच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. रविवारची झोप मोडून डोंगर चढणारी माणसे वाईट नसतात, आणि आम्हीही त्यांतलेच. अशाच एका टेकडीवर उभारलेल्या पत्र्याच्या फलकावरील ‘ओसाड माळ हिरवा करू या’ ही ओळ आमच्याच लेखणीतून उतरली होती. आज त्या ओळीचे समर्थन आम्हांस करता येत नाही. का करता येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: माळ ओसाड नसतो. तो मोडलेले जंगल नाही आणि उद्या होऊ घातलेले जंगलही नाही. तो स्वतःच्या नियमांनी चालणारी, स्वतःपुरती पूर्ण अशी परिसंस्था आहे. त्याला ‘पडीक’ म्हणणारा शब्द महसुलाच्या दप्तरातून आला; पुढे त्याने विज्ञानाचा अंगरखा चढवला, आणि आम्ही लिहित्या-वाचत्या लोकांनी तो खरा मानला. ह्या एका शब्दापायी मराठवाड्यातील माळ नाहीसे होत आहेत, आणि ते पर्यावरणाच्याच नावाने नाहीसे होत आहेत, ही ह्या प्रकरणातली सर्वांत कटू गोष्ट होय.

‘परिसंस्था’ हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. पाठ्यपुस्तकात तळ्याचे एक चित्र असते. त्यात शेवाळ, मासा, बगळा आणि त्यांना जोडणारे बाण. परीक्षेत ते चित्र काढले की गुण मिळतात, आणि ती कल्पना पुढे जन्मभर त्या तळ्यातच राहते. वास्तविक ती कल्पना फार मोलाची आहे आणि एका वादातून जन्मली आहे. अर्न्स्ट हेकेल ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर ह्या शब्दावरून ‘इकॉलॉजी’चे नाव घडवले. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेच्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने एक भव्य सिद्धान्त मांडला. प्रत्येक प्रदेशातील वनस्पतिसमूह एखाद्या प्राण्यासारखा जन्मतो, पायरीपायरीने वाढतो आणि तेथील हवामानाने ठरवून दिलेल्या एकाच अंतिम प्रौढावस्थेला पोचतो, असे त्याचे म्हणणे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सलीला हे रूपक पटले नाही. वनस्पतिसमूह हा प्राणी नाही. माती, पाणी, हवा, झाडे, जनावरे ह्यांच्या देवघेवीतून बनलेली ती एक व्यवस्था आहे, असे सांगून १९३५ मध्ये त्याने ‘इकोसिस्टिम’ ही संज्ञा रूढ केली. चराई किंवा माणसाचा वावर ह्यांनीही एखादी व्यवस्था स्थिर राहू शकते, हे त्याने मान्य केले होते.

गंमत पाहा. क्लेमेंट्स स्वतः नेब्रास्काच्या गवताळ मुलखातला. तेथील प्रेअरीला त्याने अंतिम अवस्थेचाच मान दिला. पण त्याची ती शिडी आमच्या देशात येऊन पोचली तेव्हा शेवटची पायरी झाडांची ठरली आणि गवत खालच्या पायरीवर ढकलले गेले. चॅम्पियनने १९३६ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील वनप्रकारांची वर्गवारी केली. १९६८ मध्ये चॅम्पियन व सेठ ह्यांनी ती सुधारून मांडली, आणि वनखात्याच्या कामकाजात तिला प्रमाणग्रंथाचे स्थान मिळाले. झाडे विरळ आणि गवत दाट अशा भूमीचे वर्णन तीत बहुधा ‘ऱ्हास पावलेले वन’ असेच येते. १९७३ मध्ये दाबडघाव व शंकरनारायण ह्यांनी देशातील गवतांचा मोठा सर्व्हे ग्रंथरूपाने आणला. दख्खनच्या पवन्या-मारवेलीच्या कुरणांना त्यांनी स्वतंत्र नाव दिले खरे, पण ही कुरणे आग व चराई ह्यांमुळे अडून राहिलेली आहेत, हा समज त्यांच्याही मांडणीत कायम राहिला. तात्पर्य, गवत म्हणजे झाडाचे अपुरे राहिलेले स्वप्न, असा सिद्धान्त आम्ही न तपासता गिळला.

आता आमच्या मातीकडे वळू. ‘बायोम’ किंवा जीवसंहती म्हणजे सारखे हवामान असलेल्या विस्तीर्ण पट्ट्यात घडलेली सारख्या ठेवणीची सजीवसृष्टी. सदाहरित अरण्य, वाळवंट, सॅव्हाना, टुंड्रा ही तिची उदाहरणे आपण भूगोलात पाठ केली; आपण स्वतः कोणत्या जीवसंहतीत राहतो, हे मात्र कोणी विचारले नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. खाली अग्निजन्य काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर वीतभर माती. १६१० मध्ये मलिक अंबरने येथे शहर वसवले तेव्हा गावाचे नाव खडकी होते. नावांवरून एवढे रण माजलेल्या ह्या शहराचे ते जुने नाव भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने किती बिनचूक होते, ह्याकडे कोणाचे लक्ष जात नाही! अशा ठिकाणी निसर्ग विरळ झाडे आणि त्यांच्यामधून पसरलेले गवत अशी मांडणी करतो. आफ्रिकेत असली की तिला आपण सॅव्हाना म्हणतो आणि ती पाहायला विमानाचे तिकीट काढतो. कन्नड-वैजापूरकडे असली की तिला पडीक म्हणतो.

ह्या मांडणीचे शास्त्र सरळ आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही उष्ण प्रदेशातील गवते प्रखर उन्हात अन्न तयार करण्यात इतर वनस्पतींहून तरबेज असतात; सावली मात्र त्यांना सोसत नाही. त्यांचा जीव जमिनीखाली असतो. उन्हाळ्यात वरचे पाते वाळते, जळते, चरले जाते. मुळांचे जाळे शाबूत राहते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटते. रानकांदा, सफेद मुसळी ह्यांसारख्या कंदवनस्पतींची रीतही तीच. अशा गवतांचा मोठा प्रसार भारतीय उपखंडात ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी झाल्याचे पुरावे शिवालिकच्या टेकड्यांतील प्राचीन मातीत सापडले आहेत. तेव्हा कुऱ्हाड नव्हती, कुऱ्हाड चालवणारा माणूसही नव्हता. मग हे गवत कोणते जंगल तोडल्यामुळे उगवले?

आणि ह्या गवतावर केवढा संसार उभा आहे! काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, घोरपड; चंडोल, धाविक, पखुर्डी, भोवत्या. वैजापूरकडच्या माळांवर काळविटांचे कळप दिसतात; शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूर येथे त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रही आहे. ह्या प्राण्यांना लांबवर पाहता आले पाहिजे आणि उधळून पळता आले पाहिजे. दाट झाडीत त्यांचा निभाव लागत नाही. आमच्या पूर्वजांनी पक्ष्यांची नावेसुद्धा जागेवरून ठेवली: माळढोक, तणमोर. माळाचा ढोक, तणाचा मोर. सोलापूरकडे नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज महाराष्ट्रातून तो पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. पक्ष्याला अभयारण्य मिळाले. माळाला मात्र पडीकपणाच्या शिक्क्यातून सुटका मिळाली नाही.

हा शिक्का मारला कोणी? ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, हा सरकारी खजिन्याचा हिशेब. इंग्रजांच्या मुलखात तोच, निजामाच्या मुलखातही तोच. राज्ये गेली, हिशेब राहिला. आज केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादची दूरसंवेदन संस्था मिळून देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत देशाची जवळजवळ १७ टक्के भूमी पडीक ठरली आहे, आणि झुडपी माळ व चराईची कुरणे ह्यांना त्यात आपापले रकाने आहेत. उलट ‘वनाच्छादन’ मोजताना भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी की, एक हेक्टरहून मोठ्या तुकड्यावर झाडांची छत्री दहा टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे विचारायचे नाही. म्हणजे पैठणकडची एखादी मोठी मोसंबीची बाग ह्या मोजणीत वनाच्छादन ठरू शकते, आणि काळविटांचा माळ पडीक! हा विनोद नव्हे, ही व्याख्या आहे. मधुसूदन व अबी वनक ह्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून देशातील अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा देशाचा सुमारे एक-दशांश भाग त्यांनी व्यापलेला आढळला, आणि त्यातला बहुतांश सरकारी नोंदीत पडीक म्हणून दाखल होता.

एकदा पडीक म्हटले की पुढचे सारे ओघाने येते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वने वा झाडे असावीत असे उद्दिष्ट ठेवले. ते संपूर्ण देशासाठी होते. १९५२ च्या वननीतीने तर डोंगराळ मुलखास ६० टक्के आणि सपाट मुलखास २० टक्के असा भेद केला होता. पण भाषणात ‘३३ टक्के’ हा आकडा जिल्ह्याजिल्ह्याला लावला जातो आणि मराठवाड्याच्या एक-आकडी टक्केवारीवर हळहळ व्यक्त होते. कोकणात जे शोभते ते खडकीत का नाही, असा हा सवाल. त्याच न्यायाने राजस्थानला समुद्रकिनारा का नाही, हेही विचारावे. मग मोहिमा निघतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे संकल्प सोडले गेले. एवढे खड्डे पाडायला जागा कोठे मिळणार? शेत कोणी देणार नाही. वस्ती, कारखाने, रस्ते ह्यांना हात लावता येत नाही. उरतो माळ, कारण त्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही. २०२३ मध्ये केंद्राची ‘हरित पत’ योजना आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची जी कार्यपद्धती जाहीर झाली तीत झुडपी व पडीक जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. हेक्टरी १,१०० झाडे म्हणजे सुमारे तीन मीटरवर एक. तेथे गवताने जगायचे कसे, हे त्या कागदात आलेले नव्हते.

येथवरचा दोष सरकारच्या पदरात घालून आम्हांस मोकळे होता येत नाही, कारण शब्द हा आमचा धंदा आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांतून माळ किती वेळा येतो आणि कशासाठी येतो? नायकाचे मन रिते झाले की तो ‘उजाड माळरानावर’ भटकतो. गावावर अवकळा आली की ‘भकास माळ’ पसरतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’सारखे (१९५५) अपवाद आहेत, तेथे माळ माणसांच्या जगण्याचा भाग आहे. परंतु एरवी माळ हे आमच्या साहित्यात रितेपणाचे आयते प्रतीक आहे. एखाद्या भूमीला शतकभर रितेपणाचे प्रतीक म्हणून राबवल्यावर कोणी ती भरायला निघाला, तर त्यात नवल कसले?

वस्तुतः आमची जुनी भाषा ह्याहून शहाणी होती. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार सांगितले: आनूप, जांगल आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आभाळाचा, खैर, धावडा, सालई, बोर, शमी ह्यांचा आणि हरणांचा. आणि तो आरोग्यकारक! ‘जंगल’ हा शब्द ह्या ‘जांगल’चाच वंशज. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले तर आमचा माळ हेच खरे जंगल. ‘रान’ ह्या शब्दालाही झाडांची सक्ती नाही. शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो अरण्यात जात नसतो. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील ह्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात जुने मराठी वाङ्मय, संतचरित्रे, लोकगीते, दैवतकथा ह्यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचा माळ तेराव्या शतकापासून माळच होता, असा निष्कर्ष त्यांतून निघतो. जे काम आम्हा साहित्याच्या अभ्यासकांचे होते ते परिसंस्थेच्या अभ्यासकांनी करून दाखवावे, हा आम्हांस बसलेला चांगला चिमटा आहे. चक्रधरांच्या पैठण-वेरूळच्या वास्तव्याने भरलेले ‘लीळाचरित्र’ आमच्या विद्यापीठांत पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. त्यात कोणते झाड आहे आणि कोणते नाही, हे आमच्यापैकी किती जणांनी पाहिले?

आता आक्षेप. पहिला ठरलेलाच: ‘तुम्ही झाडांच्या विरुद्ध आहात काय?’ मुळीच नाही. खाम आणि सुखना नद्यांचे काठ, शहरातील रस्ते, शाळांची पटांगणे, बांध, गावठाणे येथे वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच जरूर लावावीत. रस्तारुंदीसाठी जुने वड तोडायचे आणि भरपाई म्हणून माळावर गिरिपुष्प लावायचे, ह्या व्यवहाराला आमचा विरोध आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सारेच माळ मूळचे नाहीत, काही खरोखरच झाडे तोडून झाले. हे आम्हांस मान्य आहे. गौताळ्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांत पानझडी वने आहेत, आणि ती पूर्वी अधिक पसरलेली असणार. तेव्हा प्रत्येक टेकडीचे परीक्षण झाले पाहिजे. बहुवर्षायू गवते आणि कंदवनस्पती दिसल्या तर तो जुना माळ समजावा. नुसते गाजरगवत आणि घाणेरी असेल तर ती भूमी खरोखर आजारी आहे. पण हे परीक्षण कुदळ मारण्यापूर्वी व्हायला हवे, आणि ते होत नाही. जुना माळ एकदा उकरला, की मग तो वृक्षारोपणासाठी असो वा सलग समतल चरांसाठी, पूर्वपदावर यायला किमान शतक लागते, असे जगभरच्या गवताळ प्रदेशांच्या अभ्यासांतून दिसते. जेसीबीला त्यासाठी एक दुपार पुरते.

तिसरा आक्षेप पाण्याचा. झाडे पाणी आणतात, हे वाक्य आम्ही सुभाषितासारखे म्हणतो. झाडे पाणी पितातही, हे सोयीस्कर विसरतो. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून सरकारी खर्चाने निलगिरी, पाईन, ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी परदेशी झाडे काढण्याचा कार्यक्रम चालवला, तो ओढ्या-नद्यांचे पाणी वाढावे म्हणून. टँकरच्या जिवावर उन्हाळा काढणाऱ्या मराठवाड्याने हे उदाहरण तरी अभ्यासावे.

चौथा मुद्दा आक्षेपाहून इशारा अधिक आहे, आणि तो आम्ही स्वतःलाच देतो. मराठवाड्यातील माळ बहुतांशी गायरान आहे, आणि गायरान हा येथील भूमिहीन दलितांच्या जगण्याचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, आणि तरीही कित्येकांचे सातबारे आजही कोरे आहेत. उद्या माळाची महती पटलेला कोणी हाच लेख हाती घेऊन त्यांना हुसकावू पाहील, तर आमच्या लेखणीवर दुसरे पाप चढेल. ज्याने तीन एकर मुरूम फोडून ज्वारी काढली त्याने माळ संपवला नाही. माळ संपतो तो वसाहती, खाणी आणि भव्य प्रकल्प ह्यांनी. आणि ह्या प्रत्येकाच्या प्रस्तावात ‘पडीक जमीन’ हे दोन शब्द असतात. तोच शब्द एकीकडे लांडग्याला बेघर करतो आणि दुसरीकडे भूमिहीनाला सांगतो की, तू कसतोस ती भूमी कोणाचीच नाही. धनगराची मेंढरेही माळाचे शत्रू नव्हेत. मर्यादित चराई ही ह्या परिसंस्थेची घडणच आहे; वृक्षारोपणाच्या कुंपणावर प्रथम ‘शेळ्यामेंढ्यांना मज्जाव’ ही पाटी लागते, हे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. महसूल आणि वनखात्याच्या नोंदींत माळाला माळ म्हणून स्वतंत्र रकाना द्यावा. परीक्षणाशिवाय कोणत्याही टेकडीवर खड्डे पाडू नयेत. वृक्षारोपणाचे यश रोपांच्या संख्येवरून मोजणे थांबवावे. आणि आम्ही, मराठीत लिहिणाऱ्यांनी, ‘ओसाड’ हे विशेषण लिहिण्यापूर्वी पावसाळ्यानंतर एकदा तरी गुडघाभर गवतातून चालून यावे.

आम्ही लिहिलेला तो फलक अद्याप उभा आहे. पत्रा गंजला आहे, अक्षरे वाचता येतात. त्या वर्षीची बहुतेक रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली. गिरिपुष्पाची तेवढी जगली. मूळची मध्य अमेरिकेतील ती झाडे. तिला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून ती जगते. गेल्या खेपेस आम्ही तेथे गेलो तेव्हा त्यांची सावली दाट पडली होती. त्या सावलीत गवताचे एक पातेही नव्हते, आणि चंडोलाचा आवाज टेकडीच्या दुसऱ्या, अजून न लावलेल्या उतारावरून येत होता.